शकूचा पडदा : नेपथ्याची नोंदवही

११ जानेवारी २०२५

संहितेचं पहिलं वाचन झालं. पाऊण तासाचं बालनाट्य, मेच्या सुट्टीत लावायचं. काळ १९४३-४४, स्थळ कसबा पेठेतला एक वाडा. शकू दहा वर्षांची. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर, आई, थोरला भाऊ, माडीवरच्या काकू. शकूच्या डोक्यात एकच खूळ: मोठेपणी संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, चांदण्यातला नदीचा घाट. वीस फूट रुंद, पंधरा फूट उंच. आणि त्यासाठी लागणारं तिला काहीच मिळत नाही, हेच नाटक.

बंदूक, विमान, रणगाडा यांतलं संहितेत काही नाही, हे मला आवडलं. पुण्यावर विमानांतून बॉम्ब पडले नाहीत. लष्कर भागातल्या कॅपिटॉल सिनेमात २४ जानेवारी १९४३ला स्फोट झाला तो आपल्याच क्रांतिकारकांनी गोऱ्या सोजिरांसाठी घडवलेला. महायुद्ध वाड्यांत शिरलं ते रॉकेलच्या बाटलीतून, सायकलच्या टायरमधून, वहीच्या पानांतून. दिग्दर्शक म्हणाला, म्हणजे या वेळी नेपथ्य हेच निम्मं नाटक. असं तो दर वेळी म्हणतो आणि पैसे तेवढेच देतो.

१८ जानेवारी

वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं आणि काही पुस्तकं चाळली. मला इतिहास लिहायचा नाही, रंगमंचावर काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही ते ठरवायचंय. घरी येऊन भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, मलायाचं रबर गेलं. म्हणजे वडिलांच्या सायकलला नवा टायर नाही. जुन्यावर ठिगळ, त्यावर ठिगळ. मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. म्हणजे घरातल्या भाताच्या पेजेलाही हिशेब आला. तांबं दारूगोळ्याला लागतं, म्हणून १९४३मध्ये सरकारनं पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडलं. शकूचा वाडा तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर ठेवलाय, तर पार्श्वसंगीतात तांब्याची ठोकाठोक हवी असं संगीतकाराला वाटत होतं. मी म्हटलं ठेव, पण विरळ ठेव. पत्र्याचीच टंचाई होती.

कापडावर १९४३च्या जूनमध्ये नियंत्रण हुकूम आला. पुढच्याच महिन्यात कच्च्या फिल्मवर: कुठलाही चित्रपट ११,००० फुटांपेक्षा लांब नको, म्हणजे साधारण दोन तास. एरंडवण्यातल्या प्रभात कंपनीलाही फूटपट्टी लावून काम करायची वेळ आली, तिथे कसब्यातल्या पोरीला वीस फुटी पडदा कोण देणार? परदेशी कागद येईना, देशी गिरण्यांचा बराचसा माल सरकारनं स्वतःसाठी राखून ठेवला. त्या वर्षांचे अंक हातात घेतले की सडपातळपणा बोटांना कळतो.

मुंबईत रेशनिंग १९४३च्या मेमध्ये सुरू झालं. रेशनकार्डाचा प्रवेश आम्ही १९४४मध्ये ठेवलाय, तेव्हा पुण्यातही रांगा होत्याच.

२ फेब्रुवारी

आज खरं काम झालं. आमच्या प्रकाशयोजनाकाराची आजी ब्याण्णव वर्षांची आहे आणि बालपण कसब्यातच गेलेलं. आता सिंहगड रस्त्याला सातव्या मजल्यावर राहते. कान थोडे अधू, आठवण लख्ख.

मी तयारी करून गेले होते. तुमच्या वेळी कागदच नव्हता ना आजी, असं सुरू केलं. त्यावर आजी जवळजवळ रागावल्याच. ‘कागद नव्हता असं कोण म्हणतं? होता की. वडिलांच्या हिशेबाला होता, भावाच्या वहीला होता, वाण्याच्या पुडीला होता. माझ्या चित्राला नव्हता.’

मग आपणहून बोलत सुटल्या. थोरला भाऊ चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसला होता. त्याला ड्रॉइंगचा जाड कागद आणावाच लागला, कारण परीक्षा म्हणजे पुढे नोकरीला उपयोग. तो कागद मापात कापला की कडेच्या पट्ट्या उरत. दोन बोटं रुंद, हातभर लांब. त्या आजींच्या. ‘दोन बोटांत काय काढणार गं? राजवाडा मावतो का? मग मी पालखी काढायची. एकामागून एक माणसं. टाळ, वीणा, तुळशीवाली, बैल. मुंग्यांची रांग काढायची. आगगाडी काढायची. लांबच लांब असेल ते सगळं.’

मी लिहून घेत होते आणि माझ्या डोक्यात नेपथ्य उभं राहत होतं. कागदाच्या आकारानं चित्राचा विषय ठरवला. घाट, जंगल, राजवाडा मनात, हातात वारकरी.

भावाची रंगपेटी विलायती, आठ वड्यांची, लढाईच्या आधी घेतलेली. ‘निळी वडी संपली, ती पुन्हा आलीच नाही. त्यानंतर घरात कुणी आकाश काढलं नाही.’ सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा यायचा, पुढे ढोल, मागून हँडबिलं उधळत. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. मुलगे टांग्यामागे धावत. ‘मला वाड्याच्या दारापर्यंतच मुभा. दारापर्यंत उडत येईल तेवढं माझं.’

शेवटी मी विचारलं, मग पुढे चित्रकला? आजी म्हणाल्या, ‘लग्नानंतर रांगोळी. सासरचं अंगण मोठं होतं.’ आणि चहा टाकायला उठल्या. नातवानं उठू दिलं नाही, तर त्याच्यावरही डाफरल्या.

३ फेब्रुवारी

दिग्दर्शकाला आणि लेखिकेला कालचं सगळं ऐकवलं. संहितेत बदल: शकूला परीक्षेला बसणारा भाऊ आधीपासून होताच, आता त्याच्या कागदाच्या कडा कापण्याचा प्रवेश येणार. हँडबिलांचा प्रवेश दारातच होणार, रस्त्यावर नाही. ढोलाचा आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि विंगेतून चार-पाच कागद उडत येतात. टांगा दाखवायचा खर्च वाचला म्हणून दिग्दर्शक खूश.

९ फेब्रुवारी

कागद. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेनं निघालेली ही संस्था १९४०ची, म्हणजे ऐन लढाईतली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद. आणि हा धंदा पुण्याला नवा नाही. कसब्यातला कागदीपुरा कागद करणाऱ्यांमुळेच कागदीपुरा. शकूच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एके काळी कागद बनत होता, हे लेखिकेला इतकं आवडलं की तिनं काकूंच्या तोंडी लगेच एक वाक्य टाकलं. माझ्या मते ते वाक्य उडवायला हवं. माडीवरच्या काकू गाइडसारख्या बोलायला लागतात.

भावाच्या ड्रॉइंग पेपरसाठी हातकागदाचे जाड ताव घेतले. रंगमंचावर तो कागद घरातल्या इतर सगळ्या कागदांपेक्षा वेगळा, भारदस्त दिसला पाहिजे. भाऊ तो उलगडतो तेव्हा आवाज झाला पाहिजे.

हँडबिलांसाठी बुधवारातल्या एका जुन्या छापखान्यातून पातळ गुलाबी आणि पिवळा कागद मिळाला. सिनेमाचं नाव काल्पनिक ठेवलंय. छापलेली शाई मागच्या बाजूला उमटते, त्यावर शकूचं चित्र. उजेडात धरलं की तिच्या झाडामधून नायकाचं उलटं तोंड दिसतं. हे ठरवून केलेलं नाही, पण ठेवणार.

अडचण: या कागदावर ओला रंग टाकला की पसरतो, टीपकागदच जणू. कागदाला खळ द्यायला हवी. तांदळाची पेज सर्वांत सोपी. पण १९४३च्या घरात पेज कागदाला लावणार कोण? ती भावाच्या नाहीतर आजारी माणसाच्या वाटीत जाणार. आजींना फोन केला. उत्तर तयार: चिंचोके. भाजून, फोलं काढून, भिजवून, वाटून शिजवायचे. चिंचोक्याची खळ गोधड्यांना, पुठ्ठ्यांना सगळ्यांना चालायची आणि चिंचोक्याला कुणी दाम मागत नसे.

करून पाहिली. छान बसते, कागद वाळल्यावर किंचित कडक होतो आणि रंग धरतो. वास मात्र घरभर राहिला. तरी शकू आधी पेजेची चोरी करते हा प्रवेश लेखिकेनं ठेवलाय. आई ओरडत नाही, फक्त वाटी उचलून उरलेली पेज मोजते. या नाटकातला मला सर्वांत आवडलेला क्षण.

१६ फेब्रुवारी

रविवार, म्हणून जुना बाजार. हवं होतं: चपट्या वातीचा कंदील, पत्र्याची रॉकेलची बाटली, सायकलचा जुना दिवा, भोकाचे पैसे. कंदील मिळाला, काच फुटकी, पण आम्हाला काच नकोच. खरे भोकाचे पैसेही मिळाले, पुष्कळ निघतात अजून. पण मुलांच्या हातात खरं नाणं देणं म्हणजे ते हरवणारच. म्हणून बोहरी आळीतून पितळी वॉशर आणले. पैशाचा व्यास एकवीस मिलिमीटरच्या आसपास, वॉशर जवळपास तेवढाच. पाचव्या रांगेतून फरक कुणाला कळणार नाही. भाऊ ते सुतळीत ओवून कमरेला बांधतो.

१ मार्च

रंगांचा महिना. घरातल्या सगळ्या वाट्या रंगलेल्या आहेत, घरचे वैतागलेत.

नियम एकच: शकूच्या आईच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि देव्हाऱ्यात जे असेल तेच. बाजारची नळी नाही.

गेरू सर्वांत गुणी. खलबत्त्यात कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा. डिंक जास्त झाला तर वाळल्यावर तडे जातात, कमी झाला तर बोटाला रंग येतो. मधाचा एखादा थेंब घातला की तडे थांबतात. मधाऐवजी गुळाचं पाणीही चालतं. त्यावर मुंग्या येतात. शकूनं मुंग्यांची रांग काढलेली आणि तिच्यावर खऱ्या मुंग्या, हा विनोद लेखिकेनं तत्काळ उचलला.

काळा: दिव्यावर वाटी पालथी घालून धरलेली काजळी. ती पाण्यात मिसळत नाही, नुसती तरंगते. आधी घट्ट डिंकात बोटानं मळून घ्यायची, मग पाणी. कोळसा त्याहून सोपा, पण कोळसाही आई मोजून ठेवते.

हळद झकास पिवळी लागते आणि उन्हात काही दिवसांत विटते. हळदीत चुन्याची निवळी टाकली की क्षणात लाल. हे रंगमंचावर करून दाखवलं तर मुलं टाळ्या वाजवतील. चुना मात्र बालकलाकाराच्या हातात द्यायचा नाही, डोळ्यांत गेला तर महागात पडेल. त्याच्या जागी खायचा सोडा. लाल थोडा मातकट येतो, चालेल.

निळ्यासाठी कपड्यांची नीळ. हल्ली बाटलीतली पातळ मिळते, ती नको; पुडीतली भुकटी शोधून आणली. डिंकात सुंदर बसते. शकू आईच्या निळीच्या पुरचुंडीतून चिमूटभर काढते, आणि तिच्या चित्रात पुन्हा आकाश येतं.

हिरव्यानं मात्र सतावलं. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. पण निळीच्या भुकटीत सोडा असतो आणि सोड्यानं हळद तांबूस होते. त्यामुळे येतो तो शेवाळलेला तपकिरी. पाल्याचा रस घासून पाहिला, पहिल्या दिवशी हिरवा, पुढे तोही विटकरी. पळसाला फुलं आलीत, त्यांचं केशरी पाणी होळीपुरतं ठीक. शेवटी दिग्दर्शकाला सांगितलं की शकूचं जंगल हिरवं होणार नाही. तो म्हणाला, पोस्टर कलर वापर, कुणाला कळतंय. मी ऐकलं नाही. तिची झाडं तपकिरी राहतील.

कुंचला: कडुनिंबाची काडी चावून टोकाला रेषे काढलेली. बारीक कामाला स्वतःच्या केसांची बट दोऱ्यानं काडीला बांधून. पाचवीतली आमची शकू तिसऱ्या दिवशी या काडीनं माझ्यापेक्षा सफाईदार रेघ ओढायला लागली.

८ मार्च

वाद. लिहून ठेवते, नंतर कुणी नाकारायला नको.

दिग्दर्शकाला शेवट मोठा हवाय. युद्ध संपतं, प्रकाश वाढतो, आणि मागे वीस फुटांचा रंगवलेला पडदा खाली येतो: राजवाडा, जंगल, घाट. शकूचं स्वप्न पूर्ण. लेखिकेला त्याहून वेगळं सुचलंय. शकू सगळ्या पट्ट्या खळीनं जोडते, दोन काड्यांवर गुंडाळते, खोक्यात बसवते आणि वाड्यातल्या मुलांना बायोस्कोप दाखवते. टंचाईतून कल्पकता.

पडदा रंगवायचे पैसे आमच्याकडे आजही नाहीत, हा मुद्दा मी आधी मांडला, कारण तो सगळ्यांना कळतो. फ्लेक्स छापून आणू असं निघालं. फ्लेक्स! हातानं पडदे रंगवायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीच्या नाटकात.

बायोस्कोपला मात्र मला खरी हरकत आहे. दिसायला गोड, करायला सोपा, मुलांना आवडणार. पण त्यातून असं निघतं की कागद मिळाला नाही हे बरंच झालं, मुलगी हुशार निघाली. ‘आमच्या वेळी काही नव्हतं तरी आम्ही किती मजा केली’ हे वाक्य मुलांनी घरी पुरेसं ऐकलेलं असतं, त्यासाठी तिकीट काढायला नको. आजींना मी विचारलं होतं, पट्ट्या जोडल्या का कधी? त्या म्हणाल्या, ‘कशाला? मला मोठा कागद हवा होता.’ हे उत्तर झाकून आपण खोक्यातला सिनेमा कसा दाखवणार?

तिसरी सूचना संगीतकाराची. गांधीजी तेव्हा आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते, ऑगस्ट १९४२ ते मे १९४४, म्हणजे नाटकाच्या काळात याच शहरात. शकूनं त्यांचं चित्र काढावं. आपल्याकडे या काळावरच्या प्रत्येक बालनाट्यात गांधीजी पडद्यामागून आवाज देऊन जातात. नको म्हटलं. मोठी माणसं त्या बंगल्याचं नाव घेताना आवाज खाली करतात, एवढं एका प्रवेशात आहे, तेवढं पुरे.

निर्णय झाला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

१५ मार्च

लेखिकेनं वडिलांचा प्रवेश वाढवून आणलाय आणि तो चांगला झालाय. कारखान्यात पेट्यांना आतून मेणकापडासारखा मोठा कागद लावतात, असं शकू वडिलांकडून ऐकते. एक आणा ना बाबा. वडील रात्रपाळी करून सायकल रेटत आलेत, टायर पुन्हा बसलाय. ते म्हणतात, ‘फाटकावर झडती असते शकू. आणि झडती नसती तरी आणला नसता.’ मग बराच वेळ टायरला ठिगळ लावतात. तिथे सोल्युशनची नळी दाखवायची नाही. रबर घासण्याचा आवाज पुरेसा. शकू पंक्चर शोधायला परातीत पाणी धरते. बुडबुडे येतात तिथे बोट ठेवते.

त्या वेळच्या पगाराचा उल्लेख संहितेत होता, मी काढायला लावला. भाव लढाईआधीच्या दुपटीहून वर गेले होते, तेव्हा एकटा आकडा मुलांना काही सांगत नाही. आई भाकरी मोजून थापते, त्यावरून कळतं.

२२ मार्च

शेवट सापडला, आणि तो कंदिलातून निघाला.

प्रकाशयोजनाकारानं तालमीच्या जागेत सावल्यांचे प्रयोग केले. दिव्यापासून एक फुटावर हात आणि सहा फुटांवर भिंत, तर सावली सहापट. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचं मनगट भिंतीवर झाडाच्या बुंध्याएवढं होतं. कागद लागत नाही, कापड लागत नाही. लागतं ते रॉकेल, आणि तेही मोजकं. म्हणून चित्र भराभर काढायचं. शकू भाऊ झोपल्यावर त्याच्या परीक्षेच्या मांडणीतली तांब्या-वाटी दिव्यापुढे ठेवते, तुळशीची फांदी ठेवते, आणि भिंतीवर पडलेल्या सावलीच्या कडेनं कोळशानं रेघ ओढते. तांब्याचा घुमट, फांदीचं जंगल. मग गेरू, मग चोरलेली नीळ.

पडदा झाला. फक्त तो भिंतीवर आहे.

आणि भिंतीला दसऱ्याआधी चुना लागणार. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात नीळ टाकतात. ती नीळ आई शोधते, सापडत नाही, मग भिंत बघते. पुढे काय, यावर पुन्हा वाद सुरू होणार होता, पण आईचं काम करणारी ताई सहज म्हणाली, ‘तोपर्यंत राहू दे. दसऱ्याला बघू.’ आईला एवढंच वाक्य. दिग्दर्शकालाही पटलं. बायोस्कोप गेला, फ्लेक्स गेला.

तांत्रिक: नाट्यगृहात जिवंत ज्योत चालत नाही, त्यामुळे कंदिलात दिवा एलईडीचा. साधा एलईडी बिंदूसारखा असतो, सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी येते. चपट्या वातीची ज्योत रुंद असते, तिची सावली कडेला मऊ पडते. कंदील आडवा फिरवला तर उभ्या कडा तीक्ष्ण होतात. हे साधण्यासाठी तीन छोटे पिवळे एलईडी एका ओळीत आणि पुढे ट्रेसिंग पेपर. ज्योत थरथरते तसं सर्किट होतं, पण थरथर नको असं ठरलं. रेघ ओढणाऱ्या मुलीला स्थिर सावली लागते.

१२ एप्रिल

भिंतीचा फ्लॅट, म्हणजे रंगमंचावर उभी करायची खोटी भिंत, तयार. प्लायवर कापड, त्यावर खडूची पूड आणि खळ, वर पांढरा डिस्टेंपर. आठ फूट रुंद. वीस फूट शक्य नाही, आणि कसब्यातल्या खोलीत तेवढी भिंत नव्हतीच.

आजींना तालमीला आणलं. पहिल्या रांगेत खुर्ची. पट्टीचा प्रवेश बघून म्हणाल्या, ‘ही फार शहाणी बसलीये. मी रडायचे. भावाच्या कागदावर पाणी सांडलंय मी एकदा, मुद्दाम.’ लेखिकेनं वही काढली. पुढच्या तालमीत पाणी सांडणार.

७ मे

आज देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता, पुण्यातही. तालमीला मुलं आली ती तोच विषय घेऊन. भावाचं काम करणाऱ्या मुलानं विचारलं, आता लढाई झाली तर रेशन लागेल का? शकूनं विचारलं, म्हणजे दहा मिनिटांत सामान आणून देणारे दादा येणार नाहीत का? हसू आलं, पण तिचा प्रश्न बरोबर होता. टंचाई म्हणजे काय हे ती तिच्या घरच्या दारापासून मोजत होती.

दिग्दर्शक म्हणाला, सुरुवातीला भोंगा टाकू, प्रेक्षक लगेच जोडले जातील. या आठवड्यात मुलांना भोंगा ऐकवायचा नाही, असं ताई आणि मी दोघींनी सांगितलं. पालकांचे फोन येत होतेच. तालीम लवकर सोडली.

१७ मे

रंगीत तालीम, समोर महापालिकेच्या शाळेतली मुलं. हळद लाल झाली तेव्हा ठरल्याप्रमाणे टाळ्या. पेज मोजण्याच्या वेळी चिडीचूप. पाणी सांडलं तेव्हा एक मुलगी जोरात ‘बरं झालं’ म्हणाली.

मागच्या रांगांना पट्टीवरचं चित्र दिसत नाही. दिग्दर्शकाला कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. दोन बोटांची पट्टी वीस फुटांची करून दाखवली तर मग नाटक करायचं कशाला? तोडगा: प्रयोग संपल्यावर मुलांनी रंगमंचावर येऊन पट्ट्या हातात घेऊन बघायच्या. त्यासाठी पट्ट्या जास्त लागतील, पाचवीतली शकू आणि तिच्या दोन मैत्रिणी काढून देणार आहेत. त्यांना पालखी काढायची नाहीये. त्यांनी मेट्रो काढली.

एका मुलानं विचारलं, लढाई संपल्यावर तिला कागद मिळाला का? लेखिका माझ्याकडे बघायला लागली. मी आजींनी सांगितलेलं सांगितलं: लढाई संपली तरी रेशन आणि नियंत्रणं लगेच गेली नाहीत, पुढे बरीच वर्षं रांगा होत्या. मुलगा म्हणाला, पण तिला मिळाला का? मी म्हटलं, आमच्या नाटकात नाही.

२४ मे

पहिला प्रयोग ठीक. फ्लॅटवर गेरू आणि कोळसा दोन्ही. प्रयोगानंतर एक हात डिस्टेंपर मारला, कोळसा झाकला गेला, गेरू मात्र सकाळपर्यंत गुलाबी होऊन वर आला. दोन हात मारावे लागतात आणि मध्ये पूर्ण वाळायला हवं. उद्या दुपारी आणि संध्याकाळी असे दोन प्रयोग आहेत, मध्ये तेवढा वेळ नाही. दुसरा फ्लॅट करायला पैसे नाहीत, विचारून झालं. म्हणून दुपारी शकू फक्त कोळसा आणि नीळ वापरेल, गेरू संध्याकाळी. तिला तसं सांगितलं. तिनं विचारलं, मग दुपारी देवळाचं शिखर कशानं भरू? नीळ जास्त देते म्हटलं.

पालकांसाठी दारावर सूचना लावायची आहे: मुलं रंगमंचावर येऊन हात लावतील, हळदीचे डाग निघत नाहीत.